छतातला आवाज

पाण्याचा ग्लास भरत आला होता, तेवढ्यात छतातल्या स्पीकरमधून ती स्वतःच बोलायला लागली. ‘नमस्कार, आई!’ इतक्या गोड, इतक्या टवटवीत आवाजात, की छान झोप झालेली, केसबीस विंचरलेली एखादी बाई कुणी वर त्या जाळीमागे बसवून ठेवली असावी. खाली नळाशी ती दचकली. पाणी मनगटावरून थेट बाहीत गेलं आणि मागे उभा असलेला म्हातारा म्हणाला, “अहो ताई, सांडतंय की!” ती “हो हो” म्हणाली, पण नळ बंद करायचं काही तिला सुचेना. ‘तुमच्या बाळाचा श्वास तुमच्या हातात आहे,’ वरची बाई सांगत होती. ‘न्यूमोनियापासून वाचवणारी लस वेळेवर द्या. थोडी सर्दी असली, थोडा खोकला असला, तरी लस चुकवू नका. शंका असेल तर डॉक्टरांना विचारा.’ मग एक टिंगटिंग सुरावट, आणि लगेच दुसराच कुणी रुक्ष माणूस, अमक्या पेशंटच्या नातेवाइकांनी औषधांच्या खिडकीपाशी यावं म्हणून. म्हाताऱ्याने शेवटी स्वतःच हात पुढे करून नळ फिरवला. मुलांच्या वॉर्डाबाहेर नुसत्याच उभ्या राहिलेल्या बायका काही नवीन नसतात, त्यामुळे तिच्याकडे कुणी वळूनही बघितलं नाही.

कालपर्यंत तिला हे ऐकू आलं नव्हतं, कारण कालपर्यंत गुंडी आतल्या बाजूला होती, दुहेरी दरवाजांच्या पलीकडे, जिथे यंत्रांखेरीज कुणी फारसं बोलत नाही. गुंडी म्हणजे तिची मुलगी. कागदोपत्री तिला चांगलं लांबलचक नाव होतं, पण जन्मली ती एवढीशी, की बापाने पाहिल्या पाहिल्या “ही तर शर्टाची गुंडी!” म्हटलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. आज सकाळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ताप उतरतोय, बाहेरच्या वॉर्डात हलवू, ऑक्सिजन मात्र राहू दे. तो निघाला म्हणजे जिंकलो, तोवर काही बोलायचं नाही. हलवलं म्हणजे सुधारणाच की, असं नवऱ्याने तिला पुन्हा पुन्हा समजावलं. तिने मान डोलावली. तिच्या मनात आलं होतं ते एवढंच, की इथे निदान खिडकी आहे. आता कळलं की खिडकीबरोबर छतही आलं, छतात जाळी आली, आणि जाळीत ती.

तिचा धंदाच तो, आवाज द्यायचा. शहरात ती कुठेही अवचित स्वतःला भेटायची. लिफ्टमध्ये ‘दरवाजा बंद होत आहे’ म्हणायची. फोनवर ‘कृपया प्रतीक्षा करा’ म्हणून लोकांना ताटकळत ठेवायची. एका गाद्यांच्या दुकानात तर दिवसभर ‘या, पाठ टेका’ म्हणून येणाऱ्याजाणाऱ्याला बोलवत असायची. नवऱ्याला याची भारी गंमत. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा, आणि ज्यांना दिसत नाही अशा चिडक्या माणसांशी त्याची दिवसभर गाठ. “मला दोन बायका आहेत,” तो मित्रांना सांगायचा, “एक घरात खेकसते, दुसरी लिफ्टमध्ये अदबीने दार लावून घेते. पहिलीला दुसरीकडे शिकवणीला घालावं म्हणतो.” तीही हसायची. पण आतून तिलाही ते थोडं खरंच वाटायचं. वरून बोलणारी ती कुणी वेगळीच, नीटनेटकी, कधी न चिडणारी, कधी काही न विसरणारी. आपली आणि तिची नुसती ओळख, घसा तेवढा सामाईक.

ज्या खोलीत ती दुसरी जन्माला यायची ती जेमतेम एक पलंग मावेल एवढी होती. भिंतींना राखाडी स्पंज, खिडकी नाही, पंखाही नाही, कारण पंख्याची घरघर येते. दार लागलं की स्वतःच्या कानात स्वतःचं रक्त वाहताना ऐकू यायचं. काचेपलीकडे ‘कान’ बसायचा. रेकॉर्डिंग करणाऱ्या त्या माणसाला सगळे कानच म्हणायचे आणि तोही बिचारा त्याच नावाने ओ द्यायचा. कानाला शब्दांशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला ऐकू यायची ‘प’ची फुंकर, ‘स’ची शिट्टी, ओठ सुटतानाचा चिकट आवाज, वाक्याच्या शेवटी निसटणारा दम. “सफरचंदाची फोड खा, तोंड चिकचिकतंय.” “हसत वाच गं, हसू ऐकू येतं.” “पुन्हा.” लसीचं ते काम आलं तेव्हा तिला दिवस भरत आले होते, पोट एवढं पुढे, की माइकचा स्टँड मागे सरकवावा लागला. आणि ते वाक्य, थोडी सर्दी असली, थोडा खोकला असला, तरी लस चुकवू नका, त्यात ‘स’चं नुसतं पीक आलेलं. प्रत्येक वेळी कुठला ना कुठला ‘स’ शिट्टी मारायचाच. तिने जीभ खाली दाबून बघितली, दातांत पेन्सिल धरून बघितली, मान वळवून बघितली. कान काचेआडून बोट फिरवायचा, पुन्हा. मध्येच एकदा तो हेडफोन सरळ करत म्हणाला, “दोघांचा श्वास येतोय गं, एकाला थांबव की!” आणि ती एवढी हसली, एवढी हसली, की पोट धरून तिला खालीच बसावं लागलं.

आता तिला ते आठवलं. असं कुणी बोलतं का? आणि असं ऐकून कुणी हसतं का? पण हसली होती. तो दिवस तिला चांगला आठवत होता, सफरचंदाची चव, स्पंजाचा कुबट वास, पोटात आतून बसलेली लाथ, सगळं. आठवत नव्हतं ते एकच. त्या वाक्याचा अर्थ. म्हणजे अर्थ काय कठीण होता? शाळेतल्या पोराला कळेल. पण फडकं धुऊन धुऊन रंग जावा तसं झालं होतं त्याचं. शेवटी ते वाक्य इतकं गुळगुळीत, इतकं निर्मळ निघालं की जमलं म्हणून कानाने काचेला अंगठा लावला. एकही ‘स’ वाजत नव्हता. ती घरी आली, पाय वर करून पडली आणि ते वाक्य तिच्या डोक्यातून गेलं. गेलं म्हणजे अगदी साफ गेलं, कारण कामातली वाक्यं घरी आणायची नाहीत ही तिची सवय. आणली असती तर जेवताना नवऱ्याला ‘कृपया प्रतीक्षा करा’ म्हणत बसावं लागलं असतं.

ग्लास घेऊन ती आत आली. दाराला स्प्रिंग होती, ते पाठीवर थाप मारून बंद व्हायचं. गुंडी कॉटवर होती, नाकाखाली बारीक नळी, गालांवर ती नळी धरून ठेवणाऱ्या पट्ट्या, हाताला बांधलेली फळी. नळी भिंतीतून यायची आणि गुंडीला मांडीवर घेतलं की खुर्ची तिच्या लांबीच्या बाहेर सरकवता यायची नाही. म्हणजे खिडकी समोर दिसत होती, पण तिथपर्यंत जाता येत नव्हतं. सिस्टर सकाळी बजावून गेली होती, “नळी ताणू नका, बाई.” म्हणून ती बसायची तशीच, गुडघे जुळवून, भिंतीला चिकटून, आणि गुंडीच्या छातीकडे बघत राहायची. बरगड्यांच्या खाली, पोट सुरू होतं तिथे, प्रत्येक श्वासाला एक खड्डा पडायचा. आत ओढली जायची कातडी, जणू आतून कुणी चिमटीत धरून खेचतंय. नाकपुड्या फुलायच्या. मध्येच एक बारीक कण्हल्यासारखा आवाज. एरवी काही नाही. एरवी ही पोर दुधाला एवढासा उशीर झाला तर अख्खी इमारत डोक्यावर घ्यायची, खालच्या मजल्यावरचे आजोबा काठीने छत ठोकायचे. आता सुई टोचली तरी ओठ तेवढे वाकडे व्हायचे, डोळ्यांत पाणी यायचं, आणि आवाज नाही. सिस्टर म्हणाली, “दम पुरत नाही हो तिला रडायला.”

आतल्या बाजूला असताना तिने डॉक्टरीणबाईंना गाठलंच होतं. बाई घाईत होत्या, पण थांबल्या. ती म्हणाली, “डॉक्टर, लसीचा तो राहिलेला डोस दिला असता तर हे झालं नसतं ना?” डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. “असं मी सांगू शकत नाही. न्यूमोनिया एकाच जंतूने होतो असं नाही. पण जे दांडगे जंतू आहेत त्यांच्यापासून ती लस वाचवते. धोका कमी झाला असता. न्यूमोनिया झालाच असता, तरी बहुधा इतका जोरात नाही.” “म्हणजे माझ्यामुळे?” “म्हणजे बरी झाली की राहिलेला डोस द्यायचा,” बाई म्हणाल्या आणि गेल्या. त्या ‘बहुधा’मध्ये ती तेव्हापासून कोंडली गेली होती. एखादीने थोबाडीत मारावी, म्हणावं हो, तुझ्याचमुळे, नालायक कुठली. नाहीतर पाठीवर हात ठेवून म्हणावं, छे गं, तुझा काय संबंध. दोन्ही दारं चालली असती. पण हे बहुधा म्हणजे ना आत ना बाहेर. आणि या खोलीत स्पंजसुद्धा नव्हता, इथे सगळंच ऐकू येत होतं.

डोस चुकला त्या सकाळी असं काहीच घडलं नव्हतं, हीच तर खरी गोम. काही घडलं असतं तर निदान त्याला धरून रडता आलं असतं. गुंडीला आंघोळ घातली होती, पिवळा झगा घातला होता, बाहेर न्यायच्या झोळीत बसवली होती. पहिला डोस व्यवस्थित झालेला, दुसऱ्याची तारीख होती. दाराशी चपला घालताना गुंडी शिंकली. मग पुन्हा शिंकली आणि नाकातून एक बुडबुडा आला, एवढासा, पारदर्शक. तिने तो बोटाने पुसला, कपाळाला हात लावला, ताप नव्हता. आणि ती म्हणाली, “आज नको बाई, सर्दी आहे हिला. बरी झाली की नेऊ.” कुणी सांगितलं नव्हतं. सासूबाई आपल्या घरी होत्या, नवरा दुकानात. रिकाम्या घरात, कुणी न विचारता, तिने हे मोठ्याने म्हटलं होतं, आणि म्हणताना तिला बरं वाटलं होतं. काळजी घेतल्यासारखं वाटलं होतं. मग झोळी सोडली, झगा काढला, घडी करून ठेवला. सर्दी गेली तेव्हा तिच्याकडे एका मोठ्या कामाची गर्दी होती, ते संपलं तेव्हा पुन्हा नाक वाहत होतं, आणि मग ‘या आठवड्यात नक्की’ या शब्दांनी चांगलं घर करून राहायला सुरुवात केली.

ती त्या दाराशी पुन्हा पुन्हा जाऊन उभी राहात होती. चप्पल, शिंक, बुडबुडा. इथे ते वाक्य आठवायला हवं होतं. एकदा, निदान कुठेतरी लांबून, ओळखीचं वाटून का होईना. अगं, तूच नाही का म्हणालीस? नाही. एक अक्षर नाही. बाकी लोकांनी ते एकदा ऐकलं असेल, पाणी पिताना, औषधांच्या रांगेत, अर्ध्या कानाने. ती म्हणून म्हणून थकली होती, आणि जगात बहुतेक ती एकटीच होती जिने ते कधीच ऐकलं नव्हतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, तिच्या मनात सुरू झालं, आणि पुढचे कोरडे पाषाण तिने नकळत कामाच्या आवाजात पूर्ण केले, हसऱ्या, मोकळ्या, ‘प’ची फुंकरही न येता. स्वतःची तिला इतकी किळस आली की तिने ओढणी तोंडात कोंबली.

दुपारी नवरा आला, डबा घेऊन, दाढी वाढलेली. त्याने गुंडीच्या तळपायाला बोट लावलं आणि तो उगाचच म्हणाला, “रंग बरा वाटतोय ना आज?” ती म्हणाली, “तो खिडकीचा उजेड आहे.” तो तिला एका शब्दाने बोलला नव्हता, अजूनपर्यंत नाही. उलट, “तुझी काय चूक? मी तरी विचारलं का एकदा तरी? कुणीही असंच केलं असतं,” म्हणाला होता. सासूबाई फोनवर रडल्या, म्हणाल्या, “अगं, आम्हीसुद्धा सर्दी असली की नेत नव्हतो, तू जिवाला लावून घेऊ नकोस.” सगळे इतके चांगले वागत होते की तिला पळायला जागाच उरली नव्हती. भांडायला कुणी भेटलं असतं तर निदान आवाज चढवता आला असता. तेवढ्यात वर टिंगटिंग झालं आणि वरची पुन्हा म्हणाली, ‘नमस्कार, आई!’

शेजारच्या कॉटवर जुळी होती, एक आजारी आणि एक आजारी पडेल म्हणून घरी ठेवलेलं. म्हणजे कॉटवर खरं तर एकच होतं, पण त्यांची आजी दोघांबद्दल एकदम बोलायची. मोठी बोलघेवडी बाई. ती छताकडे बघून कौतुकाने म्हणाली, “काय गोड आवाज आहे बाई हिचा! ऐकत राहावंसं वाटतं. हिची पोरं कशी निगुतीने वाढली असतील!” नवरा हातातला डबा उघडत होता. त्याला काय झालं कोण जाणे, इतक्या दिवसांच्या काळजीत त्याला बिचाऱ्याला अभिमान वाटण्यासारखी पहिलीच गोष्ट सापडली असावी. तो पटकन म्हणाला, “आजी, हा आवाज हिचाच आहे.” “अगं बाई!” आजी म्हणाली आणि तिने गालांवर हात ठेवले. “खरंच? बोल बघू काहीतरी.” तिने नवऱ्याकडे बघितलं. ते बघणं बघून तो एकदम खाली बघायला लागला, त्याला कळलं आपण काय केलं ते, पण बाण सुटला होता. “घसा बसलाय,” ती म्हणाली. तो खरोखरच बसला होता.

त्यानंतर आजीला काही दम निघेना. तासाभरात वॉर्डभर झालं. औषधाच्या बाटल्या भरणारी मुलगी येऊन तिला बघून गेली. पलीकडच्या कॉटवरची आई आली, ताप किती असला तर घाबरायचं, विचारायला. दुसरी आली, वाफारा द्यावा का म्हणून. “तुम्हाला सगळं माहीत असेल, ताई.” ती म्हणायची, डॉक्टरांना विचारा, आणि म्हणता म्हणता तिच्या लक्षात यायचं की हेसुद्धा वरच्या बाईचंच वाक्य. शंका असेल तर. तिचं स्वतःचं म्हणून एकही वाक्य उरलं नव्हतं. तिला वाटलं, या सगळ्यांच्या अंगावर ओरडावं, अगं बायांनो, हिच्याकडे बघा ना, माझ्या मांडीवर काय आहे ते दिसत नाही का तुम्हाला? पण त्यांना खरंच दिसत नव्हतं. त्यांना वाटत होतं, सगळं वेळच्या वेळी करूनही हिच्या वाट्याला हे आलं, नशीब एकेकाचं. त्यांच्या डोळ्यांत दयेबरोबर आदर होता, आणि तो आदर तिला भाजत होता. ती नळीच्या लांबीत बसून राहिली.

ऊन खिडकीतून सरकून फरशीवर आलं होतं तेव्हा आजी दारात उभी राहून खुणा करायला लागली. “जरा बाहेर ये गं. खाली चहाला गेले होते, लसीच्या रांगेत ही भेटली. बिनटोचताच निघाली होती घरी. म्हटलं, थांब, वर आमच्याकडे आवाजवाली बाईच आहे, तिला विचार आणि मग जा.” मागे एक कोवळी मुलगी होती, बाळंतपणातून नुकतीच उठल्यासारखी, आणि तिच्या खांद्यावर एक गुटगुटीत पोरगा, नाकाखाली चकचकीत ओघळ. गुंडीला नवऱ्याच्या हातात देऊन ती दाराबाहेर आली. मुलगी म्हणाली, “ताई, ते छतातलं तुम्हीच बोलता ना? याला सर्दी आहे. आमच्या सासूबाई म्हणतात, नाक वाहत असताना टोचू नये, अंगावर येतं. मग मी आपली निघालेच.”

“तुम्ही ऐकलंत ना ते?” ती म्हणाली. “त्यात सांगितलंय.”

“ऐकलं की. रांगेत बसून बसून तोंडपाठ झालं,” मुलगी म्हणाली. “पण ते काय, सगळ्यांनाच सांगतात. माझ्या याचं काय, ते कोण सांगणार?”

तिने तोंड उघडलं. आणि तिला जाणवलं की गालांचे स्नायू आपोआप वर गेलेत, ओठ ताणले गेलेत, जीभ ‘स’साठी खाली दबलीय. हसू तयार झालं होतं. अजून क्षणभर, आणि ते वाक्य बाहेर पडलं असतं, गुळगुळीत, निर्मळ, आणि या मुलीच्या कानांवरून पाण्यासारखं ओघळून गेलं असतं. तिने तोंड मिटलं. “याला आजींकडे द्या,” ती खरखरीत आवाजात म्हणाली. “बाहेरचं बाळ आत नेता येत नाही. तू ये.” अहो-जाहो कुठल्या कुठे गेलं होतं. मुलगी गोंधळून तिच्यामागे आली, स्प्रिंगचं दार दोघींच्या पाठीवर बसलं. नवऱ्याच्या मांडीवरच्या गुंडीचं झबलं तिने दोन बोटांनी वर केलं. “इथे बघ. बरगडीच्या खाली. दिसतंय? आत जातंय ते?” मुलगी बघत राहिली. एक श्वास गेला, खड्डा पडला. दुसरा गेला. “ही माझी,” ती म्हणाली. “हिचंही नाकच वाहत होतं. ताप नव्हता. म्हणून मी नेली नाही.”

नवऱ्याने वर बघितलं. मुलीच्या चेहऱ्याचा रंग उडाला. ती एक पाऊल मागे सरली, मग आणखी एक, आणि वळून बाहेर पळाली. आजीच्या हातातून पोराला जवळजवळ ओढून घेतलं आणि जिन्याकडे गेली. “अगं, काय केलंस तिला?” आजी ओरडली. तिला स्वतःलाही कळेना काय केलं. खाली जिना संपतो तिथे डावीकडे लसीची खोली आणि उजवीकडे फाटक. कुठे वळेल ही? घाबरलेलं माणूस घरीच पळतं, दुसरीकडे कुठे पळणार? ती स्वतः घरीच नव्हती का थांबली, दार लावून? “नळी ताणू नकोस,” तिने नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “अगं, पण तू कुठे...” आणि ती निघाली. दवाखान्यात आल्यापासून पहिल्यांदाच ती गुंडीपासून एवढी लांब जात होती. प्रत्येक पायरीला मागून कुणी अंगातून दोरा उसवत असल्यासारखं वाटत होतं, आणि दोन वेळा ती परत फिरायला वळली. मग मधल्या वळणावर मुलगी दिसली. भिंतीला टेकून, पोराला घट्ट धरून, हुंदके देत होती. “घाबरवलंत हो ताई,” मुलगी म्हणाली. “हो,” ती म्हणाली. “मीही घाबरलेय. चल, मी येते तुझ्याबरोबर.”

लसीच्या खोलीत गर्दी ओसरली होती. तिथली सिस्टर जाडजूड, वैतागलेली, दिवसभर मुलांची रडणी ऐकून कान किटलेली. तिने पोराच्या कपाळाला हात लावला, तिथल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून ऐकलं, ताप नाही, धाप नाही. “नाक वाहतंय ते...” मुलगी चाचरत म्हणाली. “वाहू दे की,” सिस्टर म्हणाली. “नाकाला कुठे टोचणार आहे मी? मांडी धरा.” मुलीने डोळे घट्ट मिटून घेतले, म्हणून मग मांडी तिनेच धरली. गरम, भरलेली, वळ्यावळ्यांची मांडी, हातात मावत नव्हती. सुई गेली आणि आली. पोरगा आधी चकित झाला. त्याने एकदा सिस्टरकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. मग त्याची छाती फुगली, फुगतच गेली, वर उचलली गेली, चेहरा लालबुंद झाला, आणि तो रडला. असा रडला, असा भोकाड पसरून, की खिडकीतली काच थरथरली. बाहेर बाकावरच्या एका बाईने कानांवर हात ठेवले. त्यात ना कुठली शिट्टी दाबलेली होती ना कुठला दम लपवलेला, नुसता राग होता, आणि पुन्हा राग करायला भरपूर हवा. ती तशीच मांडी धरून उभी राहिली. तिच्या गालांवरून पाणी वाहायला लागलं, ते पुसायचंही तिला भान नव्हतं, ती ऐकत होती, अधाशासारखी.

“अले अले, झालं झालं, संपलं,” करत मुलगी त्याला छातीशी घ्यायला वाकली, थोपटायला लागली. तिने मुलीचा हात धरला.

“राहू दे ना गं,” ती म्हणाली. “जरा रडू दे त्याला. लगेच गप्प करू नकोस.”